दोन नगांचा संग्रह

स्टाफरूममध्ये मला हल्ली ‘नवाबसाहेब’ म्हणतात. कारण काय, तर माझ्याकडे शस्त्रसंग्रह आहे. संग्रह हा शब्द आमच्या भूगोलाच्या सरांचा. प्रत्यक्षात दोन नग आहेत: एक बारा बोरची जोडनळी बंदूक आणि दुसरं, परवा परवा नावावर चढलेलं एक जुनं पिस्तूल. तिसऱ्याला आता जागा नाही. १९५९ च्या शस्त्र कायद्यात डिसेंबर २०१९ मध्ये दुरुस्ती झाली आणि एका माणसाकडे तीनऐवजी दोनच शस्त्रं असावीत असं ठरलं. वारशाने आलेल्यांनाही तोच नियम. म्हणजे सरकारदरबारी माझा संग्रह पूर्ण झालेला आहे.

बंदुकीचं कुणाला नवल वाटत नाही. आमचं गाव मंडणगड तालुक्यात, सावित्रीच्या खाडीच्या अलीकडे. आंबा, काजू, थोडं भात. रत्नागिरी-सिंधुदुर्गात शेतसंरक्षणाचे परवाने गावोगाव आहेत, कुणाकडे ठासणीची, कुणाकडे काडतुसाची. रानडुकरांनी रात्रीत नाचणीचा वाफा नांगरून ठेवला की सकाळी सगळ्या आळीत बंदुकीचीच चर्चा असते. त्यात हिंदू-मुसलमान असं काही नाही, वांदर दोघांच्याही कलमावर सारख्याच श्रद्धेने चढतात. परवानगीशिवाय प्राणी मारायची कायद्याने मुभा नाही, तेव्हा बंदूक बहुतेक आवाज काढण्यापुरतीच. अब्बांना सत्तर वर्षं पूर्ण झाल्यावर त्यांनी ती माझ्या नावावर करून दिली. नियमात तशी सोय आहे: परवानाधारक सत्तरीचा झाला किंवा हत्यार पंचवीस वर्षं त्याच्याकडे असलं, की तो हयातीतच वारसाचं नाव सुचवू शकतो. बारा बोर माझ्याकडे आली तेव्हा घरात चहा झाला आणि विषय संपला.

पिस्तुलाचं तसं नव्हतं. ते अब्बांनी स्वतःकडेच ठेवलं.

आधी ते काय आहे ते सांगतो. वेब्ली अँड स्कॉट, बर्मिंगहॅम, ३२ बोर. १९०८ सालापासून बनू लागलेलं हे मॉडेल १९४० पर्यंत निघत होतं. लंडनच्या मेट्रोपॉलिटन पोलिसांनी १९११ साली हेच स्वीकारलं होतं. मॅगझिनमध्ये आठ काडतुसं बसतात, वजन अर्ध्या किलोच्या थोडं वर. दिसायला अजिबात देखणं नाही. ब्राउनिंगची पिस्तुलं नदीतल्या गोट्यासारखी गुळगुळीत असतात, हे मात्र काटकोनात जोडलेल्या दोन लोखंडी पट्ट्यांसारखं, सुताराच्या गुण्यासारखं दिसतं. घोडा मागे उघडा. उजव्या बाजूची मुठीची पट्टी स्क्रू काढून उचलली की आत इंग्रजी व्ही अक्षरासारखी एक चपटी कमान दिसते. इतर अनेक पिस्तुलांत गोल गुंडाळलेली स्प्रिंग असते, इथे हे गाडीच्या पाट्यासारखं काम. लहानपणी अब्बा तेल घालायला बसत तेव्हा ती कमान बघायला मी समोर उकिडवा बसत असे. हात लावायची परवानगी नव्हती. नळीवर बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाउसची मुकुटाची छाप आहे. तिथे १८१३ सालच्या कायद्यापासून प्रत्येक नळी जास्तीची दारू भरून आधी उडवून बघतात आणि टिकली तरच छाप मारतात. आपल्याकडे बीएडची पदवी देण्याआधी असं काही करत असते तर बरं झालं असतं, असं मला कधी कधी वाटतं.

पेशाने मी उर्दू आणि मराठी शिकवतो, त्यामुळे वस्तूच्या आधी तिच्या शब्दात अडकायची खोड आहे. बंदूक हा शब्द अरबी ‘बुंदुक’चा, अर्थ हेझलनट नावाचं कवचाचं फळ. त्याच्याएवढी गोळी, म्हणून बंदूक. तमंचा तुर्की. तोपही तुर्की. काडतूस आणि पिस्तूल हे पोर्तुगिजांनी आपल्या किनाऱ्यावर उतरवलेले, पाव आणि बटाट्याच्या शेजारी. आणि दारू! फारसीत दारू म्हणजे औषध. मराठीत ती बाटलीतही गेली आणि दारूगोळ्यातही. उर्दूच्या वर्गात ‘दवा-दारू’ हा जोडशब्द आला की पोरं हसतात, मग हे सगळं सांगावं लागतं आणि तास संपतो.

तर हे पिस्तूल माझ्या दादांनी १९५९ साली मुंबईत परवान्यावर घेतलं. दादांचं गलबत होतं. मंगळुरी कौलं, लाकूड, कधी मीठ घेऊन ते किनाऱ्याने वरखाली करत. माल मुंबईत उतरला की पैसे रोख मिळत, आणि ते घेऊन गावी यायचं असे. बँक नावाची गोष्ट आमच्या बाजूला अजून पोहोचली नव्हती. रोकड सांभाळणाऱ्या माणसाला लहान हत्याराचा परवाना मिळे. दादांनी ते एकदाही माणसावर रोखलं नाही असं घरात सांगतात. एकदा म्हणे हर्णैच्या पुढे एका होडीला दाखवलं होतं, नुसतं दाखवलं. त्या होडीत चोर होते की मासळी विकायला आलेले कोळी, यावर दादा आणि त्यांचे खलाशी यांचं शेवटपर्यंत एकमत झालं नाही.

१९८४ मध्ये दादा गेले, पिस्तूल अब्बांच्या नावावर झालं. अब्बा गावच्या टपाल शाखेचे पोस्टमास्तर. त्यांना कसली रोकड आणि कसले चाचे! लोखंडी पेटीत, दादीच्या जुन्या दुपट्ट्यात गुंडाळून ते पडून असे. वर्षातून दोनदा तेल आणि ठरावीक वर्षांनी परवान्याचं नूतनीकरण, एवढंच त्याचं आयुष्य.

मग १९९३ आलं.

मी चौदा वर्षांचा होतो. जानेवारीत मुंबईतून माणसं गावाकडे येऊ लागली. एसटीने, लाँचने, ट्रकमधून. आमच्या घरात तेव्हा अकरा माणसं जास्तीची होती. आपा, माझी मोठी बहीण, लग्न होऊन वर्षभरच मुंबईत राहिलेली, तीही आली, चार महिन्यांचं मूल घेऊन. श्रीकृष्ण आयोगाने पुढे डिसेंबर-जानेवारीतले नऊशे मृत्यू नोंदवले, त्यात ५७५ मुसलमान आणि २७५ हिंदू. आमच्या पडवीत तेव्हा आकडे नव्हते, नुसती नावं होती. कोण कुठल्या चाळीत राहतो, कुणाचा फोन लागला, कुणाचा नाही.

आमच्या गावात काही झालं नाही. पण रात्री पडवीत माणसं जमत आणि दर रात्री कुणीतरी ते बोलून दाखवी: “पोस्टमास्तर, तुमच्याकडे आहे ना ते. काढून ठेवा. निदान जवळ तरी ठेवा.” सांगणारे वाईट नव्हते, घाबरलेले होते. अब्बा ऐकून घेत. तिसऱ्या की चौथ्या रात्री त्यांनी पेटीची किल्ली अम्मीकडे दिली आणि सगळ्यांसमोर म्हणाले, “आता मागायचं असेल तर हिच्याकडे मागा.” अम्मीकडे मागायची कुणाची छाती नव्हती. पुढच्या रात्रीपासून विषय बंद झाला. खालच्या वाडीतले तात्या आणि अजून दोघं रोज रात्री येऊन पडवीत झोपू लागले, ते कुणी सांगितलं म्हणून आले की आपणहून, हे मला आजही माहीत नाही. तात्या घोरायचे फार.

मार्चमध्ये १२ तारखेला मुंबईत स्फोट झाले. २५७ माणसं गेली. त्यासाठीचा माल आमच्या खाडीच्या पलीकडे, श्रीवर्धनच्या बाजूला दिघी आणि शेखाडीच्या किनाऱ्यावर उतरला होता हे बाहेर आलं आणि आमची सगळी किनारपट्टी एका रात्रीत संशयित झाली. ज्यांनी होडीत पाय ठेवला नाही त्यांच्याकडेही चौकशी. मुसलमान, खाडीकाठचा, बापाचं गलबत होतं आणि घरात परवान्याचं का होईना पण पिस्तूल: अब्बांच्या बाबतीत यातली एकही गोष्ट खोटी नव्हती.

कुणी बोलवायच्या आत ते स्वतः गेले. सकाळी पहिल्या एसटीने, पिस्तूल आणि सगळी काडतुसं बोर्नव्हिटाच्या डब्यात घालून, परवाना खिशात, मी बरोबर. ठाण्यातल्या अंमलदाराने विचारलं, “जमा करायचा आदेश आलाय का तुम्हाला?” अब्बा म्हणाले, “नाही. पण ठेवून घ्या.” अंमलदाराने डब्याकडे बघितलं, मग अब्बांकडे. काडतुसं दोनदा मोजली आणि पावती लिहून दिली: एक पिस्तूल, क्रमांक अमुक, जिवंत काडतुसं एकोणीस. एसटीत परत येताना अब्बांनी ती पावती चार वेळा काढून वाचली. पोस्टातल्या माणसाला पावतीवर जरा जास्तच विश्वास असतो.

दोन वर्षांनी, १९९५ मध्ये, त्यांनी ते परत आणलं. का आणलं, हे मी कधी विचारलं नाही. तिथेच राहू दिलं असतं तर कुणाचं काही अडलं नसतं. पण एका गोष्टीवरून मला अंदाज येतो. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळात आमच्या मागच्या पडवीचं छप्पर उडालं, कौलं अंगणात, माडाचा शेंडा विहिरीत, आणि चौऱ्याहत्तर वर्षांचे अब्बा भर पावसात आधी लोखंडी पेटीकडे गेले. मी ओरडलो. तर म्हणाले, “सरकारकडून परत घेतलेली वस्तू आहे, हरवली तर जाब द्यावा लागेल.” ‘आपली’ वस्तू असं म्हणाले नाहीत.

२०२१ मध्ये अब्बा गेले. परवाना माणसाबरोबर संपतो, हत्यार संपत नाही. ते लगेच ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावं लागतं. चाळिसाव्याच्या आधीच मी ते करून आलो. मग प्रश्न उरला, पुढे काय.

कुवेतच्या भाईजानचं मत सरळ होतं: विकून टाक. व्यवहार म्हणून बरोबरच. १९८० च्या दशकाच्या मध्यापासून सामान्य माणसाला परदेशी हत्यार आयात करता येत नाही. त्यामुळे देशात आधीपासून असलेल्या जुन्या इंग्रजी, अमेरिकन, जर्मन ३२ बोरांची किंमत लाखांत गेली आहे. बर्मिंगहॅममध्ये जे बापुडवाणं पोलिसी हत्यार होतं ते आपल्याकडे दागिना झालं. घेणारे कोण? एका विक्रेत्याने मला हसत सांगितलं, “सर, बिल्डर, पुढारी. लग्नात कमरेला दिसायला पाहिजे.” कुणाच्या तरी वरातीत, दोन पेग झाल्यावर, दादांचं पिस्तूल आकाशात उडतंय हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून जाईना.

मुलीने दुसरा पर्याय काढला. निकामी करून काचेच्या पेटीत लावू या. तिला वाटलं होतं शंभर वर्षं जुनी वस्तू म्हणजे आपोआप अँटिक. कायद्याला जुनेपणाचं कौतुक नाही. कलम ४५ मध्ये सूट आहे, पण दुरुस्त करूनही चालणार नाही अशा हत्यारालाच. आमचं चालतं. ते कायमचं बंद करायचं तर नळी, घोडा, कमान, सगळ्याची वाट लावावी लागणार. मी ती व्ही आकाराची कमान आठवली आणि नको म्हणालो. इथे मला कबूल केलं पाहिजे, नव्हे, सांगितलं पाहिजे, की मला त्या वस्तूचा लोभ आहे. चांगल्या बनवलेल्या यंत्राचा असतो तसा.

पण त्या लोभापाशी थांबून चालत नाही. बारा बोर आणि पिस्तूल यांत एक फरक आहे आणि तो परवान्याच्या पुस्तकात लिहिलेला नसतो. बंदुकीला रानडुक्कर आहे, वांदर आहे, नुसता बार आहे. पिस्तुलाला माणसाशिवाय दुसरं काम नाही. त्याची नळी एवढी आखूड की वीस पावलांवरचा नारळ पडणार नाही. ते खिशात मावावं आणि समोरच्याला उशिरा दिसावं म्हणूनच तसं आहे. २८ जून १९१४ ला सारायेव्होत राजपुत्रावर झाडलेलं पिस्तूल बेल्जियममध्ये बनलेलं ब्राउनिंगचं १९१० चं मॉडेल होतं. ३० जानेवारी १९४८ ला दिल्लीत प्रार्थनेला निघालेल्या म्हाताऱ्यावर झाडलं गेलं ते इटलीचं बेरेटा, १९३४ चं मॉडेल, ग्वाल्हेरमध्ये हाती लागलेलं. दोन्ही आमच्या वेब्लीच्याच जातकुळीतली, खिशातली. दर वर्षी ३० जानेवारीला शाळेत दोन मिनिटं शांत उभा राहतो तेव्हा मला हे आठवतं. आजूबाजूला कुणाला आठवत नसेल.

आणि मग आपा. वारसाच्या परवान्याला बाकीच्या वारसांची नाहरकत लागते. शरीयतीने हिशेब सोपा: अम्मीचा आठवा हिस्सा, उरलेल्याचे पाच भाग, दोन-दोन भावांचे, एक आपाचा. पिस्तुलाचे भाग कसे करणार म्हणून भाईजान फोनवर हसले. अम्मीने अंगठा दिला. भाईजानचं प्रतिज्ञापत्र दूतावासातून आलं. आपाने सही केली नाही.

पैशाचा प्रश्न नव्हता. मी पनवेलला तिच्या घरी गेलो तेव्हा ती म्हणाली, “त्या रात्री तू पडवीत होतास, मी माजघरात होते. पोरगं मांडीवर. बाहेर सगळे काढा काढा म्हणत होते, आणि खरं सांगू, माझ्या मनातही तेच होतं. काढा म्हणूनच होतं. अब्बा नाही म्हणाले. उद्या तुझ्या पडवीत माणसं बसली तर तू काय म्हणशील?”

मी काही बोललो नाही. मोठ्या बहिणीला पटकन उत्तर दिलं तर ते खोटं वाटतं. जेवण झालं. निघताना मी तिला एवढंच सांगितलं की ठाण्यात जमा असलेली एकोणीस काडतुसं मी परत घेणार नाही, तसं लेखी देईन, आणि नवीन कधी विकत घेणार नाही. तिने विचारलं, “मग ठेवायचं कशाला?” मी म्हणालो, “दुसऱ्या कुणाकडे भरलेलं असेल त्यापेक्षा आमच्याकडे रिकामं बरं.” तिला हे पुरेसं वाटलं असं मी म्हणणार नाही. पंधरा दिवसांनी सही केलेलं प्रतिज्ञापत्र कुरियरने आलं. सोबत चिठ्ठी नव्हती, एक किलो सुके बोंबील मात्र होते.

पुढचं सगळं कागदी. अर्ज, फोटो, डॉक्टरांचा दाखला की मन आणि शरीर ठिकाणावर आहे, हत्यार सुरक्षित हाताळण्याच्या प्रशिक्षणाचं प्रमाणपत्र, मग पोलिसांचा चौकशी अहवाल, मग जिल्हाधिकारी कार्यालय. चौकशीला आलेला हवालदार वयाने माझ्या विद्यार्थ्याएवढा. त्याने नम्रपणे विचारलं, “सर, राग मानू नका, मास्तर माणसाला पिस्तूल कशाला?” प्रश्न रास्त होता. अर्जात कारणाचा रकाना होता, त्यात मी ‘वारसा’ लिहिलं होतं, तेच सांगितलं. शेजाऱ्यांचा जबाब हवा म्हणून तो तात्यांकडे गेला. तात्या आता पंच्याऐंशीच्या पुढचे, कानाने कमी. त्यांनी जबाबात काय सांगितलं ते हवालदाराने मला हसत वाचून दाखवलं: सदर इसमाच्या वडिलांना मी ओळखत होतो, त्यांच्याकडे सदर पिस्तूल असताना मी त्यांच्या पडवीत झोपलो आहे. पोलिसी मराठीत इतकं चांगलं वाक्य मी वाचलेलं नाही.

घरी माझी बायको अजूनही राजी नाही. तिचं म्हणणं, काळ बघता का? कुठल्या गावात कुठली अफवा उठेल आणि मास्तराच्या घरी पिस्तूल आहे एवढंच लोकांच्या तोंडी राहील, परवाना कुणी विचारणार नाही. तिचं चुकत नाही. म्हणूनच मी हे लपवून न ठेवता इथे लिहितो आहे, आणि स्टाफरूममध्येही मीच सांगितलं. नवाबसाहेब म्हणून हसलेलं परवडतं.

२०२३ च्या पावसाळ्यानंतर परवान्यावर दुसरी नोंद झाली, पाच वर्षांसाठी. मालखान्यातून पिस्तूल परत आलं तेव्हा त्याच्या अंगावर दोन पावसाळ्यांचा तांबूस गंज होता. मी मुठीची पट्टी उघडून, जुन्या बनियनच्या चिंध्या आणि शिलाई मशीनचं तेल घेऊन तीन रविवार बसलो. मुलगी समोर उकिडवी बसली होती. तिला मी हात लावू दिला, आधी मॅगझिन काढून आणि नळी रिकामी असल्याचं दोनदा दाखवून.

त्यानंतर पुरते सहा महिनेही ते घरात राहिलं नाही. मे २०२४ च्या लोकसभेसाठी आदेश निघाला, परवानाधारकांनी हत्यारं जमा करावीत. ७ मेला आमच्याकडे मतदान. नंतर परत आणलं, तोवर नोव्हेंबरात विधानसभा. दोन्ही वेळा मी दोन्ही नग घेऊन गेलो, बंदूक पिशवीत आणि पिस्तूल बोर्नव्हिटाच्या डब्यात, कारण डबा अजून आहे. दुसऱ्या वेळी टेबलावरच्या अंमलदाराने पावती लिहिताना विचारलं, “काडतुसं?” “पिस्तुलाची नाहीत,” मी म्हणालो. त्याने शून्य लिहिलं, मग शंका नको म्हणून शून्याच्या पुढे कंसात अक्षरी ‘निरंक’ लिहिलं आणि शिक्का मारला.